मे महिन्यात वाढलेली विहीर

कॉम्प्युटरपुढं बसताना पायातल्या चपला काढून ठेवणारं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. केंगले मॅडम रोज सकाळी ऑफिसात आल्या की चपला भिंतीकडेला लावायच्या, पाय खुर्चीवर दुमडून घ्यायच्या आणि मग स्क्रीन चालू करायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “तांदूळ निवडताना कुनी चपला घालून बसतं का? मग हितं बी निवडायचंच काम हाय की.”

आमचं ऑफिस नारायणगावात, हायवेलगत, एका खत-औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून औषधांचा उग्र वास आणि बाहेरून टोमॅटोच्या गाड्यांचे हॉर्न, या दोन्हींची सवय व्हायला मला महिना लागला. संस्था छोटी, काम उन्हाळ्यापुरतं. आणे गावाच्या पठारावर आणि आजूबाजूला ज्या वाड्यांच्या विहिरी आटतात, त्यांना आमचे दोन टँकर पाणी पोचवत. टँकर दोन आणि वाड्या तिसाच्या आसपास. कुठला टँकर कुठल्या दिवशी कुठं जाईल, हे कागदावर जुळवता जुळवता लोकांची डोकी फिरली, तेव्हा कुणीतरी त्याचं मॉडेल करून ठेवलं. मॉडेल म्हणजे एका खास भाषेत लिहिलेली मांडणी. वाडीत माणसं किती, जनावरं किती, रस्ता किती लांब आणि कुणाला किती दिवसांच्या आत पाणी पोचायलाच हवं, एवढं त्या भाषेत सांगायचं. बाकीची जुळवाजुळव यंत्र करतं आणि आठवड्याचं वेळापत्रक हातात देतं.

या भाषेचा एक कडक नियम आहे. प्रत्येक गोष्ट कुठल्या प्रकारची आहे ते आधी जाहीर करावं लागतं. पूर्ण संख्या आहे, अपूर्णांक आहे, नुसता मजकूर आहे, की हो-नाही आहे. वाड्यांवरून येणारी माहिती त्या प्रकारात बसते की नाही, हे तपासायचं काम केंगले मॅडमचं. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं. पण यंत्राच्या पोटात चुकीचं काही गेलं तर यंत्र कुरकुर करत नाही. ते तितक्याच टापटिपीनं चुकीचं वेळापत्रक काढून देतं आणि कुठल्यातरी वाडीत हंडे रिकामे राहतात. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तेही फजिती होऊन.

मी ओतूरची, एमएस्सी झालेली, आणि त्याचा तोरा असलेली. एका वाडीचा टँकर गट नंबर १४/२ मध्ये उभा राहायचा होता. मी फाइलीत तो जसाच्या तसा टाकला, अवतरण चिन्हं न देता. यंत्राला वाटलं, चौदाला दोननं भागायचंय. त्यानं भागलं आणि टँकर गट नंबर सातमध्ये पाठवला. ड्रायव्हरचा फोन आला, “ताई, हितं एक टिटवी सोडली तर कुनी न्हाई. तिलाच पाजू का पानी?”

ऑफिसात सगळे खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आधी ड्रायव्हरला फोनवर खरा रस्ता सांगितला, मग माझ्या शेजारी येऊन बसल्या. “गट नंबर हा आकड्यावानी दिसतो, पर ते नाव हाय. तुझं नाव स्नेहल. त्याला दोननं भागून काय व्हईल?” एवढंच बोलल्या. त्यानंतर माझ्या प्रत्येक फाइलीवरून त्यांची नजर फिरायची. आधी मला राग यायचा. पुढं पुढं त्यांनी बघितल्याशिवाय फाइल पाठवायला भीती वाटायला लागली.

मॅडम आंबेगावच्या पार पश्चिमेकडच्या, तिथल्या धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाच्या. घरची भातशेती. शिक्षण बारावी आणि टायपिंगच्या परीक्षा. त्यानंतर कितीतरी वर्षं एका बियाण्याच्या गोदामात पोती उतरवून घेण्याचं काम. पोत्यावरच्या चिठ्ठीवर त्यांचा कधी भरवसा नसे, आत हात घालून मूठभर बी बाहेर काढायचं आणि मगच पोतं आत घ्यायचं. मॉडेलची भाषा त्या पन्नाशीच्या आसपास शिकल्या. आमच्या आधीचा एक इंजिनिअर इंग्रजी माहितीपुस्तक छापून ठेवून गेला होता. त्याच्या समासात मॅडमनी पेन्सिलीनं मराठीत टिपणं काढलेली होती. अपूर्णांकाच्या पानावर ‘पाऊस, अंतर, दूध’ आणि पूर्ण संख्येच्या पानावर ‘माणसं, म्हशी, खेपा’ असं लिहिलेलं होतं. मला कॉलेजात दोन वर्षांत ही गोष्ट इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितली नव्हती.

त्यांनी लिहिलेल्या तपासण्या तर वाचण्यासारख्या असत. प्रकार जुळला नाही की मॉडेल थांबतं आणि एक ओळ दाखवतं. ती ओळ काय असावी, हे लिहिणाऱ्याच्या हातात. आम्ही लोक तिथं दोन कोरडे इंग्रजी शब्द टाकून मोकळे होतो. मॅडमचं मॉडेल बोलायचं. ‘थांबा पावणं, म्हशी किती ते इचारलंय, कुनाच्या ते न्हाई.’ किंवा, ‘हितं तारीख आली हाय. अंतर पायजे व्हतं.’ पुण्याहून येणारे आमचे संचालक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांनी एकदा पाहुण्यांसमोर मॉडेल चालवलं आणि पडद्यावर ‘लई घाई करू नका, जनावरांचा रकाना मोकळा हाय’ असं उमटलं. पाहुण्यांना गंमत वाटली. साहेबांना वाटली नाही.

ऑफिसबाहेरही त्यांचं हे चालूच असे. एकदा आम्ही दोघी जुन्नरला जायला जीपमध्ये बसत होतो. आत आधीच इतकी माणसं होती की दार लागत नव्हतं. ड्रायव्हर ओरडत होता, “दोन शिटं, दोन शिटं, जुन्नर!” मॅडमनी आत डोकावून पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “भाऊ, तुमचं शीट पूर्णांकात हाय का अपूर्णांकात?” तो म्हणाला, “मावशी, बसा तर खरं, समदं बसतंय.” आम्ही बसलो. माझ्या वाट्याला जे आलं ते पावच्या वर नव्हतं, आणि मॅडम अख्ख्या प्रवासात स्वतःशीच हसत होत्या.

आता कातळवाडीचं सांगायला हवं, कारण केंगले मॅडम म्हटलं की मला तीच आठवते.

कातळवाडी पठाराच्या अगदी कडेला, घरं चाळीसभर. तिथून माहिती पाठवायचं काम एप्रिलअखेरीस ताराबाई नावाच्या बाईंनी घेतलं. साठीच्या, विधवा, सहावी शिकलेल्या. वाडीत रेंज नाही, म्हणून देवळाच्या ओट्यावर उभं राहून फोन लावायच्या. त्यांच्या पहिल्याच माहितीवर मॉडेल अडलं. ‘कातळवाडीला १६०.५ मान्सं हायेत. अर्धं कोन ते इचारा,’ असं पडद्यावर आलं. मॅडमनी फोन लावून विचारलं. ताराबाई म्हणाल्या, “आमचा बाळू अर्धा आठवडा नारायणगावला आडतीवर असतो. मग मी अर्धाच लिवला. खोटं कशाला लिवायचं?”

मॅडमना हे फार आवडलं. “हिशोब बरुबर हाय तुमचा,” त्या म्हणाल्या, “पर बाळू येतो तवा आख्खा तान्हेला येतो. आख्खा लिवा.” फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, “ही बाई पक्की हाय. हिच्या आकड्याला हात लावायचा न्हाई.”

मे महिना लागताच साहेबांनी नवा रकाना घालायला सांगितला. ज्या विहिरीत अजून पाणी आहे तिथं टँकर कशाला, तो दुसरीकडं जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचंही नव्हतं. मॅडमनी रकान्याला नाव दिलं ‘विहीर, परस’. माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढा उंच, तेवढा एक परस. विहिरी इकडं त्यातच मोजतात. प्रकार अपूर्णांक. शून्याच्या खाली नको, विहिरीच्या एकूण खोलीच्या वर नको. दोन परसांपेक्षा जास्त पाणी असेल तर त्या वाडीचा टँकर तूर्त बंद. सगळं रीतसर होतं.

ताराबाईंनी कळवलं, सहा. पुढच्या आठवड्यात कळवलं, सात. विहीर नऊ परसांची. दोन्ही आकडे तपासणीतून सरळ पार झाले आणि पहिल्याच आकड्याला कातळवाडी यादीतून निघाली.

टँकर बंद होऊन दहा दिवस झाल्यावर ताराबाईंचा फोन आला तो मी घेतला. टँकर का बंद केला, असं त्या विचारत होत्या. मी समोर पडद्यावर बघितलं आणि फार समजुतीच्या सुरात म्हणाले, “मावशी, कॉम्प्युटरमध्ये तर तुमच्या विहिरीला पाणी वाढलेलं दिसतंय.”

मग त्या म्हणाल्या, “असं? मग त्यातलंच चार हंडं हिकडं पाठवून द्या.” आणि फोन ठेवला.

जेवायच्या सुट्टीत मी ही गंमत म्हणून मॅडमना सांगितली. आज तो प्रसंग आठवला की मला माझीच लाज वाटते. मॅडमच्या हातात नाचणीची भाकरी होती. त्यांनी विचारलं, “किती वाढलंय?”

“सहाचं सात.”

“मे महिन्यात?”

त्यांनी भाकरी डब्यात ठेवली, हात धुतला आणि ताराबाईंना फोन लावला. रेंज लागेना. तिसऱ्या खेपेला लागला. “ताराबाई, सात म्हनजी काय सात?” पलीकडून आलेलं उत्तर मलाही ऐकू आलं, कारण ताराबाई ओरडूनच बोलत होत्या. “दोर! दोर सात परस लागतो! आता तर आठ लागतोय!”

बाकीच्या वाड्यांचे आकडे पंप चालवणारे गडी पाठवायचे, ते पाण्याची खोली मोजतात. कातळवाडीत पंप नव्हता. तिथं बाया शेंदतात. शेंदणाऱ्या बाईला आत पाणी किती उरलंय ते दिसत नाही, तिला दोर किती सोडावा लागतो ते कळतं, तिचे खांदे ते सांगतात. त्या वाडीत ‘विहीर किती’ असं विचारलं की पिढ्यान् पिढ्या दोरच सांगायची रीत. पाणी जसजसं खाली गेलं तसतसा त्यांचा आकडा वाढत गेला, आणि आम्ही इकडं नारायणगावात बसून त्यांच्या विहिरीला भरती आलेली बघत होतो.

मॅडम त्याच दुपारी टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून कातळवाडीला गेल्या. मी मागोमाग मोटरसायकलवर एका सहकाऱ्याबरोबर गेले. टँकरचा पाइप विहिरीत सोडला होता आणि बायकांची गर्दी झाली होती. दहा दिवस त्या सगळ्या कडा उतरून खालच्या ओढ्यातल्या झिऱ्यावर जात होत्या. एका म्हातारीच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं, ती घसरली होती. मला वाटलं होतं मॅडम समजावून सांगतील, रकाना असा होता, तुम्ही तसं कळवलंत. त्यांनी तसलं काहीएक केलं नाही. त्या सरळ ताराबाईंपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चूक माझी झाली. लहानपनी मी सोता पानी शेंदलंय, तरी बी मला सुचलं न्हाई की शेंदणारी बाई दोर सांगती.”

ताराबाईंनी हातातला हंडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, “आमाला वाटलं व्हतं, तुमी आमाला खोटं ठरवलं.”

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, लपवलंही नाही. नंतर त्या तासभर बायकांबरोबर रहाटावर उभ्या होत्या. दोराला गाठी मारून परस कुठं संपतो ते बघत होत्या, दोराला दगड बांधून तळ कुठं लागतो ते बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. संस्थेला मदत करणाऱ्या लोकांना अहवाल पाठवायचा होता आणि झाल्या प्रकाराला एक कारण हवं होतं. साहेबांनी ते तयारच आणलं होतं. माहिती देणाऱ्या व्यक्तीनं चुकीचा आकडा दिला, सबब ती व्यक्ती बदलण्यात येत आहे. कातळवाडीची माहिती यापुढं खालच्या गावातला एक माणूस पाठवील. तो माणूस कातळवाडीला दिवाळीलासुद्धा चढून जात नाही, हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. ताराबाईंचं नाव निघालं असतं तर त्या वाडीची विहीर पुन्हा कुणी बघितलीच नसती. आणि साठ वर्षांची बाई जन्मभरासाठी खोटी ठरली असती, तेही खरं सांगून.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. पायात चपला नव्हत्या. “साहेब, तिचा आकडा खरा व्हता. माझ्या रकान्याचं नाव अर्धवट व्हतं. मी आकडा हाय का न्हाई ते तपासलं, कशाचा हाय ते इचारलंच न्हाई. मे महिन्यात हीर वाढत व्हती आन मी प्रकार जुळला म्हनून गप बसले. शेरा मारायचाच तर माझ्या नावापुढं मारा.”

“मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय,” साहेब म्हणाले.

“न्हाई साहेब. तपासून बोलतीय.”

साहेबांनी त्यांचा शब्द प्रमाण मानला. अहवालात ताराबाईंचं नाव आलं नाही, मॅडमचं आलं. कातळवाडीची माहिती ताराबाईंकडंच राहिली आणि मॅडमना सांगण्यात आलं की महिनाअखेरपासून त्यांनी आराम करावा. हे सगळं इतक्या गोड भाषेत झालं की कुणाला भांडायलाही जागा राहिली नाही. मी भांडू शकले असते. फोन मी घेतला होता, हे मी त्या खोलीत मोठ्यानं सांगू शकले असते. मी टेबलाकडं बघत बसले. मॅडमनीही ते सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि मला एकटीला भेटल्यावरही नाही.

उरलेले पंधरा दिवस त्यांनी सगळी तपासणी नव्यानं लिहिली. ‘विहीर’ हा रकानाच गेला. आता ‘दोर’ हा एक प्रकार आणि ‘पाणी’ हा दुसरा. दोन्ही अपूर्णांकच, पण एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. दोन्ही हवेत, आणि दोन्हींची बेरीज विहिरीच्या खोलीइतकी व्हायला हवी. नाही झाली तर मॉडेल थांबेल. आदल्या आठवड्यापेक्षा पाणी वाढलं आणि पाऊस नसेल, तरीही थांबेल. तिथं त्यांनी कुठलीही गमतीची ओळ लिहिली नाही. लिहिलं, ‘थांबा. आधी फोन करून माणसाला विचारा.’ मी तो भाग तीनदा वाचला. माझ्या पदवीच्या पुस्तकांत याहून अवघड पुष्कळ काही होतं, पण इतकं शहाणपणाचं काही होतं असं मला वाटत नाही.

त्या गेल्या त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. एक कापडी पिशवी, तिच्यात डबा आणि ते समासात टिपणं असलेलं पुस्तक. पुस्तक त्या मला देतील अशी मला आशा होती. त्यांनी ते दिलं नाही, आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटलं. मंचरची गाडी लागली. मॅडम चढल्या, खिडकीजवळ बसल्या, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, “ताराबाई, मी आता ऑफिसात न्हाई. थांबा, फोन ठिवू नका.” आणि खिडकीच्या गजांतून फोन माझ्या हातात दिला.

“कोन?” ताराबाईंनी विचारलं.

“मी स्नेहल. ऑफिसातली. सांगा मावशी.”

“दोर साडेआठ परस. पानी अर्धा परस. बेरीज नऊ.”

माझ्याजवळ कागद नव्हता. पर्समधलं पेन काढून मी डाव्या तळहातावर लिहिलं.

“लिवलं का? आता वाचा.”

मी वाचून दाखवलं.

पलीकडं ताराबाई म्हणाल्या, “तुमीच ना त्या? पानी वाढलंय म्हनणाऱ्या? आवाज वळखला मी.”

“हो मावशी,” मी म्हणाले. “मीच ती. चूक माझीपण होती.”

“मंग परत वाचा,” त्या म्हणाल्या. “सावकाश.”

मी परत वाचलं. दोर साडेआठ. पाणी अर्धा. बेरीज नऊ. “बरुबर,” त्या म्हणाल्या, “आता पाठवा टँकर,” आणि फोन बंद झाला.

कंडक्टरनं घंटी मारली. मी घाईनं फोन गजांतून आत दिला आणि गाडी हलली. मॅडम गजांना कपाळ टेकवून बघत होत्या. माझ्या चेहऱ्याकडं नाही, तळहाताकडं. मी तो त्यांच्याकडं वळवून वर धरला आणि गाडी हायवेला लागेपर्यंत तसाच धरून ठेवला, त्यांना नीट वाचता यावा म्हणून.